मामांच्या दुकानाला तीन नावं होती

तासगावात माझ्या मामांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, १९९४ पासून. विहिरीवरची, बोअरची, पिठाच्या गिरणीची, कुठलीही जळालेली मोटर आली की ती उघडायची, जळकी तार उपसून काढायची आणि नवी भरून द्यायची. आमच्याकडं 'मोटर भरायला टाकली' असंच म्हणतात. हे दुकान गूगलवर नीट दिसावं म्हणून २०२५ च्या फेब्रुवारीपासून मी जे काही केलं, ते इथं सविस्तर लिहिते आहे. मी पुण्यात अकाउंट्सचं काम करते, संगणकातली तज्ज्ञ नाही. त्यामुळे ज्यांच्या घरी असं एखादं दुकान आहे आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, त्यांना माझ्या चुकांचाही उपयोग होईल.

सुरुवात एका लग्नात झाली. १६ फेब्रुवारी, रविवार. मणेराजुरीचे एक बागायतदार मामांना भेटले. गेली वीस वर्षं त्यांच्या मोटरी मामांकडंच येतात. ते म्हणाले, "नाना, परवा मोटर जळाली. पोरानं फोनवर बघितलं आणि सांगलीला घेऊन गेला. दोन दिवस मोडले. तुमच्याकडं का नाही नेली म्हणून विचारलं, तर म्हणतो फोनमध्ये तुमचं दुकानच नाही." द्राक्षं काढणीला आलेली असताना दोन दिवस ठिबक बंद राहणं म्हणजे काय, ते बागायतदारालाच कळतं. मामा काही बोलले नाहीत. जेवताना मात्र मला हळूच म्हणाले, "फोनमध्ये दुकान घालतात कसं गं?"

त्या रात्री मी शोधलं. दुकान फोनमध्ये होतं, पण नसल्यासारखंच. कुणीतरी वाटसरूनं कधीतरी नकाशावर एक खूण टाकून ठेवली होती. नाव नुसतं 'इलेक्ट्रिक मोटर शॉप'. नंबर मामांचा जुना, बंद पडलेला. आणि खूण दुकानावर नव्हतीच, एसटी स्टँडकडं होती. त्याखाली 'या व्यवसायाचे मालक तुम्ही आहात का?' अशी ओळ होती. अशी खूण आधीपासून असेल तर तीच ताब्यात घ्यावी, शेजारी दुसरी नवी करू नये. एकाच दुकानाच्या दोन खुणा झाल्या की गूगलचाही गोंधळ होतो आणि गिऱ्हाइकाचाही.

या सोयीचं आताचं नाव गूगल बिझनेस प्रोफाइल. २०२१ पर्यंत तिला गूगल माय बिझनेस म्हणायचे. यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ जुन्या नावाचे आहेत, त्यात दाखवलेलं वेगळं ॲप आता मिळत नाही. सगळं काम गूगल सर्च किंवा मॅप्समधूनच होतं आणि त्याला पैसे लागत नाहीत. खातं मी मामांच्याच फोनवर, मामांच्याच जीमेलवर उघडलं आणि स्वतःला नंतर व्यवस्थापक म्हणून जोडून घेतलं. हे महत्त्वाचं आहे. दुकान ज्याचं, त्याच्याच नावावर प्रोफाइल हवं. उद्या भाचीचा पासवर्ड हरवला म्हणून दुकान हरवायला नको.

सोमवारी सकाळी पडताळणीची पायरी आली. पूर्वी पोस्टानं कार्ड यायचं, त्यावर पाच आकडी कोड असायचा. आम्हाला एकच पर्याय मिळाला, व्हिडिओ. पद्धत गूगल ठरवतं, आपल्याला निवडता येत नाही. किमान तीस सेकंदांचा, एकसलग, न कापलेला व्हिडिओ तिथल्या तिथं फोननं काढायचा. गॅलरीतला आधीचा व्हिडिओ चालत नाही. त्यात तीन गोष्टी दिसायला हव्यात : दुकान नक्की कुठं आहे, तिथं खरंच धंदा चालतो का, आणि व्हिडिओ काढणाऱ्याचा त्या दुकानाशी खरा संबंध आहे का. माणसांचे चेहरे आणि बँकेची किंवा आधारची कागदपत्रं दाखवायची नाहीत.

मी घाईत होते, दुपारच्या गाडीनं पुण्याला निघायचं होतं. शटर दाखवलं, आतली टेबलं दाखवली, मामा खुर्चीत बसलेले दाखवले आणि पाठवून दिलं. गुरुवारी, २० तारखेला, पडताळणी झाली नाही असं उत्तर आलं.

मामांना ते फार लागलं. "एकतीस वर्षं मी इथं बसलोय, आणि हे म्हणतात दुकान आहे कशावरनं?" फोनवर त्यांचा आवाज ऐकून मलाही वाईट वाटलं. पण रात्री शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं की अनोळखी माणसाच्या नजरेनं पाहिलं, तर त्या व्हिडिओत मामांचं दुकान ओळखता येईल असं काहीच नव्हतं. पाटी उन्हानं पांढरी पडलेली, अक्षरं वाचता येत नाहीत. जी वाचता येतात ती इंग्रजी, आणि ते नाव प्रोफाइलवरच्या नावाशी जुळत नाही.

मग मी मामींना सांगून घरातल्या ट्रंकेतली सगळी कागदं व्हॉट्सॲपवर मागवली. तेव्हा खरी गोष्ट समजली. पाटीवर कुलदेवीचं नाव आणि पुढं 'इलेक्ट्रिकल्स'. शॉप ॲक्टच्या जुन्या परवान्यावर त्याच देवीचं नाव आणि पुढं 'मोटर रिवाइंडिंग वर्क्स'. लोकांच्या तोंडी यातलं एकही नाही, तिथं नुसतं 'नानांचं दुकान'. लाइटचं बिल तर अजून आजोबांच्या नावावर, त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली. गावातल्या कुणालाही या तीन नावांची कधी अडचण झाली नाही, कारण गाव माणसाला ओळखतं. गूगलला मात्र लिहिलेलं तेवढंच कळतं, आणि आमचं लिहिलेलं एकमेकांशी जुळत नव्हतं. तिथून पुढचं बहुतेक सगळं काम हेच होतं : एक नाव, एक पत्ता, एक फोन नंबर, सगळीकडं अक्षर न् अक्षर सारखं.

नाव कुठलं ठेवायचं यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. मामांनी परवान्यावरचं ठेवलं, कारण त्यात कामाचंही नाव आहे आणि देवीचंही.

पाटी नवी करायची होतीच. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक आहे, म्हणजे ते कामही यात होऊन गेलं. फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत फाटतो, म्हणून मामांनी पत्र्यावर पेंटरकडून रंगवून घेतली. आठ बाय तीन फूट, ३,६०० रुपये. पेंटरनं 'परवा देतो' म्हणत नऊ दिवस लावले. देवनागरीत मोठं नाव, खाली लहान अक्षरांत इंग्रजी, त्याखाली फोन नंबर.

तोवर मी कागद लावले. मामांचा परवाना १९४८ च्या जुन्या कायद्याखालचा होता आणि त्याचं नूतनीकरण केव्हाच थांबलेलं. २०१७ च्या नव्या कायद्यात मामांच्यासारख्या लहान दुकानाला ऑनलाइन सूचना द्यावी लागते आणि तिची पावती मिळते. मामा सेवा केंद्रात जाऊन करून आले, तिथं २०० रुपये घेतले. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मी स्वतः पुण्यातून केली. ती पूर्णपणे मोफत आहे. आधार आणि पॅन हाताशी ठेवा, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, त्यामुळे मामांना फोनजवळ बसवून ठेवावं लागलं. धंद्याचा प्रकार निवडताना मी बरीच अडखळले. यादीत ३३१४ या क्रमांकाखाली विद्युत उपकरणांची दुरुस्ती आहे, आम्ही ती घेतली. एक सांगते, उद्यमच्या नावानं पैसे मागणाऱ्या, हुबेहूब सरकारी वाटणाऱ्या वेबसाइट आहेत. पत्त्याच्या शेवटी सरकारी जीओव्ही डॉट इन आहे ना, ते बघूनच माहिती भरा.

९ मार्चच्या रविवारी मी परत तासगावला गेले. या वेळी आधी कागदावर क्रम लिहिला. भल्या सकाळी, गर्दी नसताना, व्हिडिओ गल्लीच्या तोंडापासून सुरू केला. तिथून गणपती मंदिराचं गोपुर वर दिसतं. तासगावचं ते गोपुर एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही, त्यामुळे जागेचा त्याच्याइतका चांगला पुरावा दुसरा नव्हता. तिथून चालत शेजारच्या दोन दुकानांच्या पाट्या, मग आमची नवी पाटी. मामांच्या हातांनी कुलूप उघडलं, शटर वर गेलं. आत वाइंडिंगचं मशीन, तारेचे रीळ, इन्सुलेशन तपासायचं मेगर, भट्टी, नंबर लावून ठेवलेल्या गिऱ्हाइकांच्या मोटरी. शेवटी पावतीपुस्तकावरचा शिक्का आणि भिंतीवरची शॉप ॲक्टची पावती, आधार क्रमांकावर कागद चिकटवून. एक मिनिट पन्नास सेकंद. वाट पाहायची मुदत पाच कामकाजाचे दिवस अशी दाखवत होते. १३ मार्चला, होळीच्या दिवशी दुपारी, मामींचा फोन आला, "हिरवी खूण आलीय बघ." मामी पुरणाच्या हातानं फोन धरून बोलत होत्या.

मग माहिती भरायचं काम. मुख्य प्रकार आम्ही 'इलेक्ट्रिक मोटर रिपेअर शॉप' निवडला. आणखी नऊ जोडता येतात, पण जे काम करत नाही ते जोडू नये. मामा बोअरमधून मोटर काढायला गावोगाव जातात, म्हणून सेवेच्या भागात तासगावबरोबर मणेराजुरी, सावळज, विसापूर, येळावी अशी गावं घातली. वीसपर्यंत घालता येतात. नकाशावरची खूण सरकवून बरोबर दुकानाच्या दारात आणली. वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे. मी आधी सेवांची यादी प्रमाण भाषेत लिहिली होती, 'पाण्याखालील पंपाची दुरुस्ती' वगैरे. मामांनी वाचून विचारलं, "हे कोण म्हणतंय?" मग त्यांनी सांगितलं तसं लिहिलं : बोअरची मोटर भरणे, विहिरीवरची मोटर भरणे, स्टार्टर दुरुस्ती, बेअरिंग बदलणे.

फोटोंवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि त्याचं समाधान आहे. एक दुपार मी नुसती मामांच्या हातांकडं बघत बसले. स्टेटरच्या, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या भागाच्या, प्रत्येक खाचेत आधी इन्सुलेशनचा कागद घडी घालून बसवायचा. मग कॉइलच्या तारा दोन बोटांत चपट्या धरून एकेक आत सोडायच्या. बांबूची एक पट्टी आहे, वापरून वापरून काचेसारखी गुळगुळीत झालेली, तिनं त्या खाली दाबत न्यायच्या. तारेवरचं लॅकर एका जागी जरी खरवडलं तरी मोटर पुन्हा जळणार, म्हणून धातूची पट्टी ते कधी वापरत नाहीत. खाच भरली की वरून पाचर. अशा चोवीस खाचा. त्या पट्टीचा आणि अंगठ्याचा फोटो मी काढला. नंतर दोन गिऱ्हाइकांनी सांगितलं की तो फोटो बघून ते आले. इंटरनेटवरून उचललेला चकचकीत मोटरचा फोटो लावण्यापेक्षा आपल्या दुकानातला, ग्रीस लागलेला खरा फोटो लावा.

यानंतर माझ्या हातून मोठी चूक झाली. एका ओळखीच्यानं सांगितलं की नावातच 'तासगाव', 'बेस्ट', 'मोटर रिपेअरिंग' असे शब्द घातले की दुकान वर येतं. २९ मार्चला मी नाव बदललं. २ एप्रिलला प्रोफाइल निलंबित झालं. नाव पाटीवर आहे तेच आणि तेवढंच असावं, हा नियम स्पष्ट लिहिलेला आहे. मी वाचला होता आणि तरी मोडला. द्राक्षबागांची एप्रिलची खरड छाटणी सुरू झालेली, शेतकरी पाण्याच्या मागं, मोटरी जळण्याचा ऐन हंगाम, आणि दुकान फोनमधून पुन्हा गायब. मामांना फोन करताना मला रडू आलं. ते म्हणाले, "एक कॉइल उलटी बसली की मोटर नुसती घुमते, उचल घेत नाही. तेवढी सोडवायची आणि परत बसवायची. त्यात काय!"

३ एप्रिलच्या रात्री आधी नाव पूर्ववत केलं, मग अपील केलं. इथं एक गोष्ट माहीत असायलाच हवी : अपील दाखल केल्यावर पुरावे जोडायचा जो फॉर्म उघडतो, तो साठ मिनिटांतच भरावा लागतो. म्हणून आधी सगळे कागद स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा, मगच सुरुवात करा. मी उद्यमचं प्रमाणपत्र, शॉप ॲक्टची पावती आणि नव्या पाटीचे दोन फोटो जोडले. तिन्हींवर तेच नाव. आजोबांच्या नावाचं लाइट बिल जोडलं नाही. १० एप्रिलला प्रोफाइल परत आलं. ते सात-आठ दिवस मी दर तासाला फोन बघत होते.

याच काळात मामांना फोन यायला लागले. "गूगलकडून बोलतोय, वर्षाला ९,००० भरा, पहिल्या नंबरवर आणतो." एकानं तर ओटीपी मागितला. गूगल प्रोफाइलसाठी पैसे घेत नाही आणि शोधातला वरचा नंबर विकत नाही. जाहिरात वेगळी, तिच्यावर 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं. पडताळणीचा कोड कुणालाही सांगू नका, तो दिला की प्रोफाइलचा ताबा जाऊ शकतो.

मामांनी एकदा विचारलं, सांगलीतल्या माणसाला आपलं दुकान पहिलं दिसेल का? मी खरं ते सांगितलं. गूगल तीन गोष्टी बघतं : विचारलेल्या कामाशी दुकान जुळतं का, शोधणाऱ्यापासून किती लांब आहे, आणि त्याची ओळख, नाव किती आहे. सांगली पंचवीस किलोमीटर लांब आहे, ते अंतर आपल्याला कमी करता येणार नाही. "मग नको," मामा म्हणाले, "माझी गावं माझ्याकडं आली तरी पुष्कळ."

ओळख वाढते ती अभिप्रायांनी. अभिप्राय मागायला मामा तयारच होईनात. "काम केलं, पैसे घेतले, आता चांगलं म्हणा असं कसं सांगू?" शेवटी मी क्यूआर कोड छापून लॅमिनेट केला, १२० रुपये, आणि पावतीपुस्तकाशेजारी ठेवला. ज्याला वाटेल तो लिहील. अभिप्रायाच्या बदल्यात सूट किंवा भेट देणं नियमात बसत नाही, आणि मामांना तर ते पटलंच नसतं. मे महिन्यात एकानं दोनच तारे दिले : काम चांगलं, पण तीन दिवस सांगून सहा दिवस लावले. मी चिडून उत्तर लिहायला घेतलं. मामांनी थांबवलं. थोडा वेळ गप्प बसले आणि मग सांगितलं, "लिही. खरं आहे. त्या आठवड्यात तार आली नव्हती. ते फोन करून कळवायला हवं होतं, ते राहिलं. पुढच्या वेळी कळवू." मी एकही शब्द न बदलता तसंच टाकलं. तो माणूस जूनमध्ये दुसरी मोटर घेऊन आला.

वेबसाइटचं थोडक्यात सांगते. एका पानाची केली, डोमेनला, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याला, वर्षाचे ७४९ रुपये. तिथंही नाव, पत्ता, नंबर पाटीवरचाच. वेबसाइट गूगलच्या शोधात यावी म्हणून गूगल सर्च कन्सोल ही मोफत सोय आहे. डोमेनच्या सेटिंगमध्ये एक ओळ टाकून तिथं मालकी सिद्ध केली आणि साइटमॅप, म्हणजे पानांची यादी, दिली. पान शोधात यायला सोळा दिवस लागले, तोवर काही बिघडलंय का म्हणून मी उगाच उलटंसुलटं करत राहिले. पानावर मामांनी सांगितलेला मजकूर आहे : एक फेज गेला असताना मोटर चालू राहिली की ती का जळते, विहिरीचं पाणी खाली गेलं तर काय करायचं, स्टार्टरचा ओव्हरलोड किती अँपिअरवर लावायचा. मायक्रोसॉफ्टच्या बिंगवरही नोंद केली, तिथं गूगलवरची माहिती थेट आयात करता येते, दहा मिनिटांत झालं. एकूण खर्च ४,६६९ रुपये, माझं एसटीचं भाडं धरलं नाही.

जूनच्या सुरुवातीला प्रोफाइलमध्ये एक यादी बघितली, लोकांनी काय शोधलं आणि दुकान दिसलं त्याची. थोड्या वेळा शोधलेल्या शब्दांपुढं आकडा न देता '१५ पेक्षा कमी' असं येतं. त्यात 'मोटर बाइंडिंग' होतं, 'मोटर भरणारे' होतं, 'पाण्याची मोटर रिपेरी' होतं. आणि सर्वांत खाली 'नानांचं दुकान तासगाव'. ते नाव आम्ही कुठंच लिहिलेलं नव्हतं. अभिप्रायांत मात्र लोकांनी 'नाना' असंच लिहिलं होतं. मी ती ओळ मामांना वाचून दाखवली. त्यांनी चष्मा लावून स्वतः वाचली.

फोन वाढले आहेत, पण किती वाढले याचा हिशोब मामा ठेवत नाहीत. रात्री दहानंतरही येतात, म्हणून वेळ सकाळी नऊ ते रात्री आठ अशी घातली.

२४ ऑगस्टला मामांचाच फोन आला. "पोरी, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी आपला रथ असतो. गल्लीत पाय ठेवायला जागा नसते, दुकान बंद असतं. लांबनं कुणी मोटर घेऊन आला तर हेलपाटा पडायचा. हे तिथं कसं लिहायचं?" विशेष वेळापत्रक कुठं असतं ते मी सांगितलं. ते म्हणाले, "थांब, तू करू नको, मीच बघतो."

संध्याकाळी पुण्यात माझ्या फोनवर उघडून पाहिलं. वेळेच्या खाली नवी ओळ होती : गुरुवार, २८ ऑगस्ट, बंद.